वंशावळीचे फोटो काढताना आधी मुखपृष्ठ

घराण्याचा इतिहास शोधताना मोबाइलमध्ये पानांचे ढीगभर फोटो जमतात आणि महिन्याभराने कुठलं पान कुठल्या पुस्तकातलं, तेच कळत नाही. माझी एक अख्खी दुपार अशीच वाया गेली, तेव्हापासून हे करतो:

१. पुस्तक किंवा नोंदवही उघडली की पहिला फोटो मुखपृष्ठाचा. दुसरा त्यामागच्या पानाचा, जिथे आवृत्ती आणि साल असतं. वहीवर दप्तर क्रमांक असेल तर तोही टिपायचा. मग हवं ते पान, पानाचा आकडा कापला न जाता.

२. घरी आल्यावर त्याच दिवशी फाइलला पूर्वजाचा क्रमांक द्यायचा. आपण १, वडील २, आई ३. पुढे कुणाचेही वडील म्हणजे त्याच्या आकड्याची दुप्पट, आई म्हणजे दुप्पट अधिक एक. आईची आई ७, तिचे वडील १४. म्हणून नाव असं: '१४-जन्मनोंद-पान-२१२'. एकाच नावाचे दोन पणजोबा निघाले तरी घोळ होत नाही. (निघतातच!)

३. काहीच सापडलं नाही, तरी 'अमुक वही, अमुक ते अमुक साल, नोंद नाही' एवढं लिहून ठेवायचं. नाहीतर तीच वही पुन्हा चाळली जाते.

मार्गदर्शक पुस्तक जुनं असेल तर त्यातला अभिलेखागाराचा पत्ता आणि वेळा निघण्याआधी तपासा. फोटोची परवानगी आधी विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा.