हॉटेलच्या आयपीटीव्हीसाठी मल्टिकास्ट व्हीलॅन कसा लावायचा

तारकर्ली असो की गणपतीपुळे, किनाऱ्यावरच्या बऱ्यापैकी मोठ्या हॉटेलात प्रत्येक मजल्याचा किंवा कॉटेजचा व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा कप्पा, वेगळा ठेवतात. तो तसाच हवा. पण चॅनेल सगळ्यांना तेच बघायचे असतात. म्हणून आयपीटीव्हीला (नेटवर्कवरून येणाऱ्या टीव्हीला) मल्टिकास्ट व्हीलॅन लागतो: चॅनेल त्यात एकदाच येतो आणि तिथून सगळ्या व्हीलॅनना मिळतो. तो नसेल तर ८ एमबीपीएसचा एकच एचडी चॅनेल दहा व्हीलॅनसाठी दहा वेळा अपलिंकवर (स्विचकडे येणाऱ्या मुख्य जोडणीवर) येतो. ८ च्या जागी ८० एमबीपीएस लागतात, म्हणजे ७२ फुकट जातात.

मल्टिकास्टसाठी व्हीलॅन १०० तयार करा आणि ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या, स्विच जोडणाऱ्या पोर्टांवर) सोडा. हेडएंडकडचा (जिथून चॅनेल येतात त्या यंत्रणेकडचा) पोर्ट सोर्स, खोल्यांचे पोर्ट रिसीव्हर. रिसीव्हर पोर्ट आपल्या मूळ व्हीलॅनमध्येच राहू द्या, १०० मध्ये टाकू नका.

चॅनेलचे पत्ते २३९.१०.१०.१ पासून पुढे द्या. २३९.०.०.१ पासून सुरुवात करू नका. चॅनेलचा प्रत्येक आयपी पत्ता म्हणजे एक गट, आणि अशा बत्तीस गटांना मिळून एकच मॅक (हार्डवेअर) पत्ता असतो. त्यामुळे २३९.०.०.१ सारखे पत्ते २२४.०.०.१ सारख्या राखीव पत्त्यांच्या मॅकवर जाऊन बसतात आणि स्विच ते सगळीकडे सोडतो.

आता क्वेरिअर, म्हणजे कुणाला कुठला गट हवा ते विचारत राहणारं उपकरण. काम अडतं ते इथेच. चॅनेल लावला की झकास दिसतो, तुम्ही सामान आवरता आणि चार-सव्वाचार मिनिटांनी चित्र गोठतं. केबल बदलून, बॉक्स बदलूनही काही होत नाही. टीव्हीचा बॉक्स चॅनेल लावताना एकदा आपणहून 'मला हा गट हवा' असं सांगतो. त्यानंतर कुणी विचारलं तरच पुन्हा सांगतो. विचारण्याचं काम क्वेरिअरचं, साधारणपणे दर १२५ सेकंदांनी. क्वेरिअरच नसेल तर २६० सेकंदांनी स्विच त्या पोर्टाची नोंद पुसतो.

ही नोंद ठेवून मागेल त्याच पोर्टाला चॅनेल देणं म्हणजे स्नूपिंग. यावर 'स्नूपिंग बंद करून टाका' असा सल्ला सर्रास मिळतो. अजिबात ऐकू नका. चित्र येईल, पण ८ एमबीपीएसचे चाळीस चॅनेल म्हणजे ३२० एमबीपीएस सगळ्या पोर्टांवर ओतले जातील आणि १०० एमबीपीएसच्या पोर्टावरचा बॉक्स गुदमरेल.

क्वेरिअर कोअर (मुख्य) स्विचवरच चालू करा आणि त्याला व्हीलॅन १०० मध्ये खरा आयपी द्या. ०.०.०.० वरून आलेल्या प्रश्नाकडे काही उपकरणं लक्षच देत नाहीत. हा आयपी त्या व्हीलॅनमधला सर्वांत लहान हवा, कारण एकाहून जास्त क्वेरिअर असले तर त्यांच्या निवडणुकीत लहान पत्ता जिंकतो. कोअर यूपीएसवर ठेवा. पावसाळ्यात लाइट दिवसातून कितीदा जाईल ते सांगता येत नाही. क्वेरिअर यूपीएस नसलेल्या राउटरवर असेल, तर तो २६० सेकंदांत पुन्हा उभा राहिला नाही की टीव्ही बंद.

इमिजिएट लीव्ह (बॉक्सने चॅनेल सोडला की न विचारता लगेच तो बंद करणं) फक्त एकच बॉक्स असलेल्या पोर्टावर लावा. एका पोर्टामागे दोन टीव्ही असतील तर एकाने चॅनेल बदलला की दुसऱ्याचा तुटतो.

स्विचच्या रिकाम्या एसएफपी (फायबर मॉड्यूलच्या) खाचांना टोपणं लावा, खारी हवा आत शिरते.

तपासताना एक चॅनेल लावून पूर्ण पाच मिनिटं रिमोटला हात लावू नका. चित्र टिकलं की मगच कॉन्फिग सेव्ह करा आणि पुढच्या मजल्यावर जा.