शिखर संस्थेचं सभासद होताना: एका खजिनदाराचा अनुभव

गेली नऊ वर्षं मी ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका छोट्या सार्वजनिक न्यासाची खजिनदार आहे. आमचा कॉर्पस, म्हणजे हात न लावायची ठेव, एकवीस लाखांची. तिच्या व्याजावर आणि वर्षभराच्या देणग्यांवर लोकमान्य नगर, किसन नगर आणि येऊरच्या पाड्यांवरच्या मुलांची फी, दोन अभ्यासिकांचं वीजबिल, पाच-सहा शिलाई मशीन एवढं भागतं. अशा निधीला कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात. पैसा गावचा, ठेव कायमची आणि कुणाला द्यायचं ते ठरवणारी माणसंही गावातलीच. असा पहिला निधी अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये १९१४ साली फ्रेडरिक गॉफ यांनी काढला. ते बँकर होते. मीही बँकेतून निवृत्त झालेली, म्हणून त्यांच्याबद्दल मला जरा जास्तच आपुलकी वाटते.

आमच्यासारख्या संस्थांतली माणसं मला विचारतात, "देशपातळीवरच्या शिखर संस्थेचं, म्हणजे अशा सगळ्या संस्थांच्या संघटनेचं, सभासद झालं तर पैसे किती मिळतात?" पैशाचं विचारू नका, असं मी म्हणणार नाही. पण आधी हे विचारा, की आपल्याला न ओळखणारा माणूस आपल्या हाती पैसे का देईल? आपले हिशेब कुणीतरी तपासलेले आहेत म्हणून देईल. शिखर संस्था मुळात हे काम करते. ब्रिटनमध्ये यूके कम्युनिटी फाउंडेशन्स ही संस्था दर तीन वर्षांनी सभासदांचा कारभार ठरलेल्या निकषांवर तपासते. आपल्याकडे २००४ पासून क्रेडिबिलिटी अलायन्स या संघटनेने स्वयंसेवी संस्थांसाठी किमान आणि अपेक्षित असे दोन स्तरांचे निकष घालून दिले आहेत. सभासदत्वाचा अर्ज नंतर भरा. आधी हे निकष छापून घ्या आणि विश्वस्तांच्या बैठकीत एकेक मोठ्याने वाचा. जिथे सगळे गप्प होतील, तिथे पेन्सिलने खूण करा.

आमची खूण कुठे पडली ते सांगते. आमचे एक विश्वस्त वारले. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज द्यावा लागतो. "करू की, काय घाई आहे" म्हणत आम्ही वर्ष घालवलं. चेकवर तिघांपैकी दोघांच्या सह्या लागायच्या. एक गेले, दुसरे मुलाकडे परदेशी, उरले मी. बँकेने नवी सही घ्यायला फेरफाराचा आदेश मागितला आणि ते बरोबरच होतं. जूनचा दुसरा आठवडा, खात्यात पैसे, चेकबुक माझ्या ड्रॉवरमध्ये आणि आठ मुलांची फी अडलेली. एका मुलीची आई दोन दिवस आमच्या जिन्यात उभी राहिली. शाळेचं फी-कार्ड तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलं होतं, पावसात भिजू नये म्हणून. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून विश्वस्तांच्या बदलांची वेगळी वही आहे आणि दर बैठकीत पहिला विषय तोच असतो.

अर्जाच्या फाइलमध्ये नोंदणी प्रमाणपत्र, शेड्यूल वनचा (विश्वस्त आणि मालमत्ता यांच्या धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा) ताजा उतारा, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, आयकर सवलतीचे १२ ए आणि ८० जी चे आदेश, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलचा क्रमांक एवढं ठेवा. कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसा थेट घ्यायचा असेल तर सीएसआर-१ ची नोंदणीही लागते. कॉर्पसच्या प्रत्येक देणगीमागे "ही रक्कम कॉर्पससाठीच" असं देणगीदाराचं लेखी पत्र घ्या, दोनशे रुपये असले तरी. जांभळी नाक्यावरच्या एक भाजीवाल्या मावशी दर दिवाळीला आम्हाला तीनशे रुपये देतात. त्यांचं पत्र मी लिहिते, सही त्या करतात, हळूहळू, जीभ दातांत धरून. कॅनडातल्या विनिपेगचा निधी १९२१ साली एका मोठ्या बँकरच्या एक लाख डॉलरवर उभा राहिला. तीन वर्षांनी तिथे एक पाकीट आलं. आत पाच-पाच डॉलरची तीन सोन्याची नाणी होती आणि देणाऱ्या बाईंनी नाव लिहिलं नव्हतं. ती पंधरा डॉलरची देणगी तिथे आजही आदराने सांगितली जाते. लहान देणगीची नीट नोंद ठेवली, तरच ती अशी टिकते.

आता पैशाचं. कॅनडात १९९२ पासून कम्युनिटी फाउंडेशन्स ऑफ कॅनडा ही शिखर संस्था आहे. कोविडमध्ये, २०२० साली, तिथल्या सरकारने ३५ कोटी डॉलर ही संस्था, देणग्या गोळा करणारी युनायटेड वे आणि रेड क्रॉस अशा तिघांमार्फत वाटले. गावातल्या कोणत्या संस्थेला किती, ही निवड स्थानिक पातळीवर झाली. आपल्याकडे हे तसंच्या तसं होईल अशी आशा धरू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली मिळालेला परदेशी पैसा एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही. म्हणजे दिल्लीच्या संस्थेकडे परदेशी निधी आला तरी तो ठाण्याला पोचणार नाही. देशातल्या पैशाची गोष्ट वेगळी. तो मिळाला तर घ्या, पण लाभार्थींची तयार यादी सोबत आली तर हात जोडून परत करा. कोणत्या गल्लीला गरज आहे हे आपल्याला ठाऊक नसेल, तर आपण आहोत कशाला?

म्हणून शिखर संस्थेकडून मी पैशापेक्षा तीन गोष्टी जास्त मागून घेते. एक म्हणजे नमुने. हितसंबंध जाहीर करण्याचा एक पानी फॉर्म आम्हाला असाच मिळाला. आता समितीतल्या कुणाच्या नात्यातला अर्ज आला की ती व्यक्ती उठून बाहेर बसते, वाईटपणा येत नाही. दुसरी, आपल्याएवढ्याच आकाराच्या सभासदाचा फोन नंबर. मोठ्या संस्थांची भाषणं ऐकून काही हाती लागत नाही. साताऱ्याकडचा वीस लाखांचा निधी मुदतठेवी कशा विभागतो, ते दहा मिनिटांत कळतं.

तिसरी मला सगळ्यांत मोलाची वाटते. टोरांटोच्या निधीने २००१ साली 'व्हायटल साइन्स' नावाने शहराची तपासणी सुरू केली. डॉक्टर जशी नाडी बघतो तसं घर, शाळा, सुरक्षितता, रोजगार बघून अहवाल काढायचा. पुढे शिखर संस्थेने ती पद्धत देशभरच्या सभासदांना दिली. आम्ही तिचं चार पानी रूप लोकमान्य नगरात केलं. सहा जणी, तीन रविवार, सत्तर घरं. आम्ही शिष्यवृत्तीचे आकडे घेऊन गेलो होतो. मुली सांगत होत्या की अभ्यासिका रात्री नऊला बंद होते आणि घरी टीव्ही अकरापर्यंत चालतो. त्या वर्षी दोन शिष्यवृत्त्या कमी केल्या आणि अभ्यासिका साडेअकरापर्यंत उघडी ठेवली, एका ताईंना मानधन देऊन.

सभासद झाल्यावर वार्षिक सभेला कुणालातरी पाठवाच आणि प्रश्न पंधरा दिवस आधी लेखी कळवा. कायद्याची जी अडचण आपल्या एकट्याची वाटते, ती चाळीस सभासदांनी लिहिली की शिखर संस्था मंत्रालयापुढे मांडू शकते. दिल्लीची 'वाणी' ही संघटना १९८८ पासून स्वयंसेवी संस्थांसाठी हेच करत आली आहे. यंदाचे आमचे प्रश्न लिहून तयार आहेत. लहान न्यासांना ऑडिटचा खर्च मिळून उचलता येईल का? फेरफार अर्जाचा मराठीतला भरलेला नमुना सगळ्या सभासदांना पाठवाल का? आणि अभ्यासिकेत रात्री बसणाऱ्या ताईंचा विमा कुठल्या योजनेत बसतो?