फ्रीमेसनरी शिकवताय? मग आधी या चुका टाळा

फ्रीमेसनरी म्हणजे गवंड्यांच्या अवजारांतून वागणूक शिकवणारी, बंद दारामागं भरणारी बंधुत्वाची संघटना, तिचे सदस्य ते मेसन. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या तालुक्यात कोणी ना कोणी त्यावर "गुप्त संघटनेचं रहस्य" घेऊन येतंच. लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि मागे ते भुताच्या सिरीयलचं म्युझिक. मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे मलाही पुढच्या खुर्चीवर बसवतात, आणि त्याच त्याच चुका ऐकून कान किटले म्हणून लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अवजार हातात न घेता त्याची खूण शिकवणं. दोन वर्षांआधी वाचनालयात एका पोरानं मेसन लोकांच्या खुणेची स्लाइड लावली, गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) आणि परकार एकमेकांत अडकवलेले, मधात इंग्रजी जी, आणि सांगून राह्यला की ही सैतानाची निशाणी. ओट्याचं काम चालू होतं म्हणून गवंडी मिस्त्री मागं टेकून बसला होता, तो म्हणे, "सर, हा तं गुण्या होय, माह्या थैलीत हाय." आणि काढलाच त्यानं, एका बाजूनं सिमेंट माखलेला. हॉलच्या कोपऱ्यात लावून दाखवला तर एक बाजू भिंतीला चिकटली आणि दुसरीच्या टोकाशी बोटभर फट. मग एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण केली, मधात टेप धरला, ५ फूट यायला पाहिजे तर इंचभर जास्त. "कोपरा गुण्यात नाही," मिस्त्री म्हणे, "म्हणूनच ते कपाट टेकत नाही भिंतीले." पोट्टे प्रोजेक्टर सोडून तिकडंच!

आता गंमत पहा, १७२३ साली अँडरसन नावाच्या मेसननं लंडनच्या ग्रँड लॉजसाठी (लॉज म्हणजे मेसन लोकांची शाखा, ग्रँड लॉज म्हणजे शाखांवरची मुख्य संस्था) नियमांचं पुस्तक छापलं, त्याच्या पहिल्या चित्रात जमिनीवर हेच प्रमेय काढलंय, युक्लिडचं ४७ वं, आपण शाळेत पायथागोरस म्हणतो तेच. इंग्लंडमध्ये लॉजच्या माजी मास्टरच्या, म्हणजे प्रमुखाच्या, पदकातही गुण्याखाली तेच लटकतं. दगड घडवणाऱ्यांची अवजारं घेऊन त्यांना वागणुकीचा अर्थ दिला, बस. गुण्या म्हणजे सरळ व्यवहार, परकार म्हणजे आपल्या हावेला हद्द, ओळंबा म्हणजे ताठ चालणं, लेव्हल म्हणजे सगळे सारखे, आणि २४ इंची पट्टी म्हणजे दिवसाचे २४ तास. जी म्हणजे जॉमेट्री, आणि गॉडही. म्हणून माझी सवय अशी, की पहिली पंधरा मिनिटं प्रोजेक्टर बंद, गवंड्याची थैली मागायची आणि पोरांच्या हातात द्यायची. याला वेळ लागतो आणि कंटाळणारे उठून जातात, जाऊ द्या त्यांना.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक, डॉलरच्या नोटेवरचा डोळा. "अमेरिका मेसन लोकांनीच चालवली, हा पुरावा!" अरे बाप्पा. तो डोळा अमेरिकेच्या राजमुद्रेवरचा, मुद्रा मंजूर झाली १७८२ मध्ये, नोटेवर ती आली थेट १९३५ ला. मुद्रा ठरवायच्या १७७६ च्या पहिल्या समितीत मेसन एकटा बेंजामिन फ्रँकलिन, आणि डोळा सुचवला तो ड्यू सिमितिएर नावाच्या चित्रकारानं, जो मेसन नव्हताच. त्रिकोणातला देवाचा डोळा तर युरोपच्या चर्चमध्ये आधीपासून होता, मेसन लोकांच्या छापील शिकवणीत तो ठळक आला वेब नावाच्या अमेरिकन मेसनच्या १७९७ च्या पुस्तकात, म्हणजे मुद्रेनंतर. सालं फळ्यावर एकाखाली एक लिहा, मग तोंड उघडा, एवढं केलं तरी अर्धी व्याख्यानं बंद पडतील. पण ते करायचं कोणाला, रील एका मिनिटाची असते ना.

इल्युमिनाटी ही गुप्त मंडळी वेगळी, जर्मनीतल्या बव्हेरियात वाइसहाउप्ट नावाच्या प्राध्यापकानं १७७६ ला काढलेले, दहा वर्षांत सरकारनं बंद पाडले. एकाच पोत्यात भरू नका.

मेसन हे टेम्पलर, म्हणजे धर्मयुद्धातल्या ख्रिस्ती सरदारांपासून आले म्हणता? टेम्पलर १३१२ मध्ये बरखास्त, लंडनची ग्रँड लॉज १७१७ ची, मधात चारशे वर्षं. आणि हे १७१७ सुद्धा अँडरसननं १७३८ मध्ये लिहिलेलं, त्यावर इतिहासकारांत वाद आहे.

३३ वी डिग्री (मेसन लोकांतली पायरी) म्हणजे सगळ्यांचा बॉस, हे डोक्यातून काढा. मूळ डिग्र्या तीनच, ३३ वी एका वेगळ्या शाखेची.

सैतानपूजेची कागदपत्रं दाखवताना थांबा जरा. लिओ टॅक्सिल नावाच्या फ्रेंच माणसानं बारा वर्षं असल्या गोष्टी रचून विकल्या आणि १८९७ मध्ये पॅरिसला भर सभेत सांगितलं की सगळं खोटं होतं.

आपल्याकडचं सांगायचं तर १७३० च्या सुमारास कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये लॉज आली, विवेकानंद १८८४ मध्ये तिथल्याच एका लॉजचे सदस्य झाले, आणि ग्रँड लॉज ऑफ इंडिया १९६१ ची. बंद दारामागं काय चालतं ते कळेना म्हणून लोक लॉजला जादूघर म्हणायचे, आमचे पोट्टे अजूनही तेच म्हणतात.

आणि पाठांतराला हसू नका. लॉजमध्ये विधी तोंडपाठ शिकवतात, जुन्या काळी जमिनीवर खडूनं चित्र काढून समजवायचे आणि मग पुसून टाकायचे, आपल्या रांगोळीसारखं. स्लाइड वाचून दाखवणाऱ्याला हे जमणार नाही.

त्या पोराचा परवा फोन आला होता, म्हणे सर, एका पानाची पीडीएफ पाठवा ना, उद्या दुसऱ्या गावात प्रोग्राम आहे. मी त्याला मिस्त्रीकडं जायला सांगितलं. मिस्त्री म्हणतो, अजून आला नाही.