नित्शे वाचायचा कसा

जर्मन तत्त्वज्ञ नित्शे हातात घेणारे बहुतेक जण 'झरतुष्ट्र'पासून सुरुवात करतात आणि पन्नासेक पानांत पुस्तक मिटतात. तो ग्रंथ प्रवचनाच्या सुरात, दृष्टान्तांच्या भाषेत लिहिलेला आहे. युक्तिवाद हवा असेल तर तो तिथे उघड मांडलेला सापडत नाही. त्यामुळे तो शेवटी ठेवा. सुरुवात 'जीनिऑलॉजी ऑफ मॉरल्स'ने (1887) करा. प्रस्तावनेची 8 कलमं आणि पहिल्या निबंधाची 17, अशी एकूण 25 होतात. रोज दोन वाचलीत तर तेरा दिवस पुरतात. घाई केलीत तर फक्त चमकदार वाक्यं लक्षात राहतील आणि मुद्दा निसटेल.

वहीच्या पहिल्या पानावर दोन तारखा लिहून ठेवा: 3 जानेवारी 1889, तुरीनमध्ये तो कोसळला आणि त्याचं लेखन थांबलं, 25 ऑगस्ट 1900, वायमारमध्ये मृत्यू. या मधल्या काळात आणि नंतर जे छापलं गेलं ते दुसऱ्यांच्या हातून. 'अँटिख्राइस्ट' (1895) आणि 'एके होमो' (1908) त्याने 1888 मध्येच लिहून ठेवले होते, पण 'द विल टू पॉवर' हे पुस्तक त्याने लिहिलेलंच नाही. बहीण एलिझाबेथ आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्याची टिपणं निवडून, जुळवून ते उभं केलं. 1901 मध्ये त्यात 483 नोंदी होत्या, 1906 मध्ये त्या 1067 झाल्या! म्हणून कुणी नित्शेचं वाक्य तोंडावर फेकलं की आधी पुस्तकाचं नाव आणि कलम विचारा. ते या संग्रहातलं निघालं तर कोली आणि मोंतिनारी या संपादकांच्या चिकित्सक आवृत्तीत मूळ टिपण कधीचं आहे ते बघा. तिचा जर्मन मजकूर इंटरनेटवर मोफत आहे.

आता शब्द. मराठी वाचक इथेच सर्वांत जास्त अडखळतो. 'जीनिऑलॉजी'च्या पहिल्या निबंधाचा सगळा डोलारा दोन जोड्यांवर उभा आहे. सरदार वर्ग स्वतःला चांगला म्हणतो आणि उरलेल्यांना जर्मनमध्ये 'श्लेष्ट', म्हणजे हलका, सामान्य. दबलेला माणूस आधी त्या बलवानाला 'ब्योझे', म्हणजे दुष्ट ठरवतो आणि मग त्याच्या उलट असलेल्या स्वतःला चांगला म्हणतो. दोन्हींसाठी 'वाईट' वापरलंत की निबंधच कोसळतो. 'हलका' आणि 'दुष्ट' हे शब्द शेवटपर्यंत वेगळे ठेवा. 'रेसांतिमाँ' या फ्रेंच शब्दाला मात्र आपल्याकडे नेमका शब्द आहे: डूख. सूड घेता येत नाही म्हणून धरलेला, मनात मुरलेला डूख. दहाव्या कलमात हाच डूख नवी मूल्यं जन्माला घालतो.

'देव मेला आहे' हे वाक्य 'गे सायन्स'च्या (1882) 125व्या कलमात वाचा. भर सकाळी कंदील घेऊन बाजारात आलेला वेडा ते बोलतो, आणि त्याला हसणारे लोक आधीपासूनच नास्तिक आहेत. आपण त्याला मारलं, आता काय, हा त्याचा आकांत आहे. शेवटी तो कंदील आपटून फोडतो आणि आपण फार लवकर आलो असं म्हणतो. नास्तिकतेची विजयघोषणा म्हणून हे वाक्य वापरणाऱ्यांनी कलम पुढे वाचलेलं नसतं.

नाझींनी त्याचा गैरवापर केला हे खरं, आणि ज्यूद्वेष्ट्यांचा त्याला तिटकारा होता हेही खरं. पण सगळं खापर बहिणीवर फोडून मोकळं होऊ नका. माणसांत उच्चनीच श्रेणी असावी, हे त्याने स्वतःच्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलं आहे.

या मताची परीक्षा आपल्याला घरच्या मजकुरावर घेता येते. 'ट्वायलाइट ऑफ द आयडल्स'मध्ये मनूने चांडाळांवर लादलेले नियम सांगून तो म्हणतो, आपल्या भावनेला याहून विपरीत काही नसेल. 'अँटिख्राइस्ट'च्या 56व्या कलमात मात्र तोच मनूचं भरभरून कौतुक करतो. दोन्ही उतारे एकाच बैठकीत वाचा. तो वाचत होता ते मनुस्मृतीचं जाकोलिओने केलेलं फ्रेंच भाषांतर, आणि ते भरवशाचं नाही, हे शेजारी नोंदवा. मग डॉ. आंबेडकरांचं 'फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम' उघडा. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात ते आहे. नित्शेचा झरतुष्ट्र हे मनूचंच नवं नाव, असं आंबेडकर म्हणतात. एक फरक ते दाखवतात: मनूचे अतिमानव, म्हणजे इतरांहून श्रेष्ठ मानलेली माणसं, जन्माने ठरतात आणि नित्शेचे योग्यतेने. हे मनात धरून 'अँटिख्राइस्ट'चं 57वं कलम वाचा. तिथे नित्शे लिहितो की माणसांना वेगळं करतो तो मनू नव्हे, निसर्ग. योग्यता आणि जन्म यांतला फरक त्या कलमात टिकतो का, हे पेन्सिल घेऊन ओळीओळीने तपासा.