ऑसिलोस्कोपवर सरकणारा तरंग स्थिर करताना
अ‍ॅनालॉग ऑसिलोस्कोपच्या (विद्युत सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणाच्या) पडद्यावर तरंग सरकत राहिला, तर टाइमबेसचा (आडव्या दिशेच्या वेळेच्या मापाचा) नॉब फिरवत बसण्याआधी प्रोब (सिग्नल घेणारी तार) जोडलेले चॅनेलच ट्रिगरचा (रेषा कधी सुरू करायची हे ठरवणाऱ्या इशाऱ्याचा) स्रोत म्हणून निवडले आहे ना, हे पाहावे आणि मग लेव्हलचा नॉब सावकाश फिरवून ट्रिगरची पातळी तरंगाच्या वरच्या व खालच्या टोकांच्या मध्ये आणावी. ऑटो मोडमध्ये सिग्नल नसतानाही रेषा दिसते, म्हणून सुरुवात तिथूनच करणे सोयीचे. अतिशय मंद सिग्नलसाठी मात्र नॉर्मल मोडच वापरावा, कारण ऑटोमध्ये पुढच्या ट्रिगरची वाट न पाहताच स्वीप (रेषेची डावीकडून उजवीकडची धाव) सुरू होतो. टाइमबेस प्रति चौकोन 1 मिलिसेकंद असताना एक आवर्तन 4 चौकोनांत बसले, तर वारंवारता 250 हर्ट्झ होते. पण टाइमबेस सलग कमीजास्त करणारा व्हेरिएबल नॉब ‘कॅल’ (प्रमाणित माप) खुणेवर असेल तरच. ऑटोसेटची (आपोआप जुळणी करणारी) कळ असली, तरी तिने निवडलेला टाइमबेस एकदा वाचून घ्यावा.