ऑटिझमवरच्या संशोधनात ऑटिस्टिक व्यक्तींना सामील कसं करून घ्यायचं

निधी मंजूर झाला, नैतिकता समितीची परवानगी आली, प्रश्नावली छापून झाली आणि मग ‘आता ऑटिस्टिक व्यक्तींचं मत घेऊ’ असं ठरलं, तर त्या मताने बदलेल असं फारसं काही उरलेलं नसतं. समुदायाचा सहभाग बहुतेकदा इथेच फसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ‘स्पेक्ट्रम टेन-के’ हा प्रकल्प जाहीर झाला. त्यात १०,००० ऑटिस्टिक व्यक्तींचा डीएनए गोळा करायचा होता. हा डेटा पुढे कोणाच्या हाती जाणार, कशासाठी वापरला जाणार, यावर ऑटिस्टिक लोकांनी जोरदार आक्षेप घेतले आणि सप्टेंबरमध्येच भरती थांबवून सल्लामसलतीला बसावं लागलं. ती चर्चा आराखडा कागदावर उतरण्याआधीच व्हायला हवी होती. याउलट अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘आस्पायर’ या गटात ऑटिस्टिक सदस्य आणि विद्यापीठातले संशोधक विषय निवडण्यापासून निष्कर्ष मांडण्यापर्यंत बरोबरीने बसतात.

गट जमवणं

निधीचा अर्ज लिहिण्याआधी सहा ते आठ ऑटिस्टिक व्यक्तींचा सल्लागार गट तयार करा. एकाच ऑटिस्टिक व्यक्तीला बोलावू नका. एकट्यावर सगळ्यांच्या वतीने बोलण्याचं ओझं येतं, शिवाय तिला काही खटकलं तरी खोलीत दुजोरा द्यायला कोणी नसतं. पालक आणि थेरपिस्ट यांचं ऐकायलाच हवं, पण त्यांच्या बैठका वेगळ्या ठेवा. एकत्र बसवलं की चर्चा पालकांच्या काळजीकडे वळते आणि ऑटिस्टिक सदस्य गप्प होतात.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. गटात येतात ते सहज बोलणारे, ईमेल वाचणारे लोक. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०१ अभ्यासांची पुढे छाननी झाली, तेव्हा त्यांतल्या ऑटिस्टिक सहभागींपैकी बौद्धिक अक्षमता असलेले जेमतेम ६ टक्के निघाले. म्हणजे ज्यांना आधाराची गरज सर्वांत जास्त, तेच संशोधनाबाहेर. न बोलणाऱ्या किंवा चित्रफलक, टॅबलेट वापरून सांगणाऱ्या व्यक्तींना बैठकीला बोलावण्यापेक्षा आपण त्यांच्याकडे जावं. ओळखीचं माणूस सोबत असावं, एका वेळी दोनच पर्याय चित्रांतून समोर ठेवावेत, आणि तेच पर्याय जागा बदलून पुन्हा दाखवावेत. दोन्ही वेळा उजवीकडचंच चित्र उचललं, तर ते उत्तर धरू नये.

मानधन संशोधन साहाय्यकाच्या तासाच्या दरानेच द्या. दीड तासाच्या बैठकीसाठी कागद वाचायला किमान तासभर लागतो, तोही मोजा. अपंगत्वाचा भत्ता घेणाऱ्यांना हे पैसे उत्पन्नात धरले जाण्याची भीती असते, म्हणून मानधन कोणत्या स्वरूपात हवं हे आधी विचारा. प्रवासखर्च आणि सोबत येणाऱ्या व्यक्तीचा खर्च अर्जातच मांडा. मागाहून तो कुठल्याच रकान्यात बसत नाही.

बैठक

विषयपत्रिका आठवडाभर आधी पाठवा, आणि तिच्यात चर्चेचे नेमके प्रश्न लिहा, दोन किंवा फार तर तीन. ‘काही सूचना?’ असं मोघम विचारलं की शांतता पसरते आणि तिला होकार समजलं जातं. त्यापेक्षा ‘मुलाखत घरी घ्यावी की केंद्रात? कारण सांगा’ असं विचारा. पाऊण तासाने दहा मिनिटांची सुट्टी, ठरल्या वेळी शेवट, ऑनलाइन असेल तर कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा. लेखी आलेलं मत मोठ्याने वाचून दाखवायला एक माणूस नेमा, नाहीतर ते चॅटमध्येच पडून राहतं. बैठकीनंतर सात दिवस लेखी उत्तरं स्वीकारा. नेमकं मत पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतं.

सूत्रसंचालक शक्यतो ऑटिस्टिक असावा. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर लोकांमधला गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. २०२० मधल्या एका प्रयोगात गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे अशी साखळीने सांगायला लावली. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत माहिती इतर लोकांच्या साखळीइतकीच टिकली, मिश्र साखळीत मात्र ती जास्त गळली. मुलाखती घेतानाही हे लागू आहे.

प्रश्नावली

घाई सर्वांत महाग पडते ती इथे. हा प्रश्न बघा: ‘लोकांमध्ये मिसळताना तुम्हाला त्रास होतो का? कधीच नाही / क्वचित / कधीकधी / नेहमी.’ लोक म्हणजे घरचे की अनोळखी? त्रास म्हणजे भीती, थकवा की आवाजाचा त्रास? क्वचित कुठे संपतं आणि कधीकधी कुठे सुरू होतं? ऑटिस्टिक व्यक्ती इथे अडते, कारण ती प्रश्न काळजीपूर्वक वाचते. दोष प्रश्नात आहे. तोच प्रश्न असा विचारता येतो: ‘गेल्या १४ दिवसांत अनोळखी माणसाशी समोरासमोर बोलावं लागलं, असे दिवस किती? त्यांपैकी किती दिवशी नंतर इतका थकवा आला की ठरवलेलं काम सोडावं लागलं?’

वापरण्याआधी प्रत्येक प्रश्न पाच-सहा जणांसोबत, एकेकट्याने बसून तपासा. मनात येईल ते मोठ्याने बोलत उत्तर द्यायला सांगा. जिथे ‘म्हणजे काय यावर अवलंबून आहे’ असं येईल, तिथे खूण करा. दोघांचं एकाच जागी अडलं की प्रश्न बदला.

प्रमाणित मापिका, म्हणजे आधीच तपासून ठरवलेली, गुण देणारी प्रश्नावली असेल तर मात्र शब्द परस्पर बदलू नका. मूळ गुणांशी तुलना तुटते आणि हक्कधारकाची परवानगीही लागते. ‘आस्पायर’ने अवघड शब्दांना व्याख्या जोडल्या, प्रश्नांआधी खुलासा दिला आणि पर्यायांशेजारी कमी-जास्त भरलेल्या नळकांड्यांची चित्रं ठेवली. असं काहीही केलं की मापिकेची विश्वासार्हता नव्याने तपासावी लागते, त्यासाठी वेळ राखून ठेवा.

संमती आणि खोली

‘समजलं का?’ असं विचारू नका, सवयीने हो येतं. ‘मध्येच थांबायचं असेल तर काय करशील?’ असं विचारा. थांबण्याचं लाल कार्ड आधी सरावात दोनदा वापरून दाखवा, आणि कार्ड उचललं की खरोखर थांबा. पालकांची सही असली तरी मुलाने हात मागे घेतला तर तो नकारच. डेटा कोणत्या तारखेपर्यंत मागे घेता येईल ते लिहून द्या. दुसऱ्या संस्थांना एकदा दिलेली जनुकीय माहिती परत आणता येत नाही, हेही स्पष्ट सांगा.

मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणारी ईईजीची टोपी, तिचं थंड जेल आणि एमआरआयचा ठोक्यांचा आवाज यांची ओळख आधी करून द्या: फोटो, आवाजाची फाइल, शक्य असल्यास बनावट यंत्रात सराव. मिणमिणणाऱ्या ट्यूब बदला. तरीही जे सहन करू शकले नाहीत, त्यांची संख्या अहवालात द्या, कारण त्यांच्या गळण्याने निकाल एका बाजूला झुकतो.

उपायांची चाचणी असेल तर दुष्परिणाम कशाला म्हणायचं हे गटाने सुरू होण्याआधीच ठरवावं: झोप बिघडणं, येणारे शब्द बंद होणं, केंद्रात जायला नकार. दर आठवड्याला त्याची नोंद ठेवा. लहान ऑटिस्टिक मुलांवरच्या उपायांचे १५० अहवाल तपासले गेले, तेव्हा बहुसंख्य अहवालांत दुष्परिणामांचा उल्लेखच नव्हता. त्रास झालाच नाही की कोणी विचारलंच नाही, हे वाचणाऱ्या पालकाला कळायला मार्ग राहत नाही.

नोंद आणि निकाल कळवणं

तीन रकान्यांचा तक्ता ठेवा: गटाने काय सुचवलं, काय केलं, नाही केलं तर का. तो प्रत्येक बैठकीआधी सर्वांना पाठवा. तिसरा रकाना रिकामा राहू लागला की लोक येणं थांबवतात. शोधनिबंधात गटातल्यांची नावं कशी द्यायची, हे प्रत्येकाला वेगळं विचारा. कोणाला लेखक म्हणून नाव हवं असतं, कोणाला निदान उघड करायचं नसतं. निबंध प्रसिद्ध होईल त्याच दिवशी सोप्या भाषेतला दोन पानी सारांश प्रत्येक सहभागीला पोहोचवा, निकाल अपेक्षेप्रमाणे आला नसेल तरीही. त्याचा मसुदा गटाकडून आधी वाचून घ्या आणि त्यासाठी दोन आठवडे द्या.