पिस्तुलाची पुंगळी वारंवार फुटत असेल तर

ठाण्यात माझ्याकडे सरावाला येणाऱ्या परवानाधारक नेमबाजांना मी कळकळीने सांगतो: फुटलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, फेकू नका, डबीत ठेवा, वर काडतुसाचा लॉट नंबर लिहा. एखादी फुटली तर दोष त्या काडतुसाचा असू शकतो. दुसरी फुटली की मात्र तिथेच थांबा, पिस्तूल रिकामं करा आणि नळीत गोळी अडकलेली नाही ना ते बघा.

मग चीर कुठे आहे ते पाहा. तोंडाशी उभी चीर असेल तर पितळ बहुधा ठिसूळ झालंय. पुन्हा भरलेल्या पुंगळ्यांत हे जास्त दिसतं. बुडाजवळ फुगवटा किंवा भोक असेल तर प्रकरण गंभीर. एक तर दाब जास्त, नाहीतर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) पूर्ण पुढे बसण्याआधीच बार उडाला. पावसाळ्यात हिरवट डाग पडलेली काडतुसं मी कुणाला वापरूच देत नाही.

एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर खेचणाऱ्या आकड्याच्या) ओरखड्यावरून सगळ्या पुंगळ्या एका दिशेने मांडा. चीर दरवेळी त्याच बाजूला असेल तर संशय चेंबरवर, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेवर. लॉट बदलून बघायची चाचणी परवानाधारक कारागिराकडेच करा. घरी चेंबर घासू नका.